परदेशातला फुटबॉल सामना आणि इतिहासाची भटकंती: सातारा-सांगलीहून निघणाऱ्यांसाठी कामांचा क्रम

सामना पाहायचा आणि त्याच सहलीत त्या शहराचा इतिहासही पाहायचा, हा बेत उत्तम आहे. तो फसतो तो बहुतेक वेळा क्रमामुळे. स्वस्त मिळालं म्हणून आधी विमानाचं तिकीट काढतात, मग हॉटेल, मग संग्रहालयांची वेळेची तिकिटं. सामन्याचं तिकीट सगळ्यात शेवटी येतं. तोवर टीव्हीसाठी सामना शनिवारचा रविवारी गेलेला असतो आणि परतीचं विमान रविवारी दुपारचं असतं.

सगळ्या नियोजनाचा पाया एकच आहे. सामन्याची तारीख सरकते, संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी सरकत नाही. म्हणून आधी सामना किती दिवस मागेपुढे होऊ शकतो ते ओळखायचं आणि बाकी सगळं त्याच्याभोवती बसवायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

टप्पा १: महिना आणि सामना निवडणे

आधी घरचं वेळापत्रक पाहा. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला ऑक्टोबर छाटणी ते मार्चअखेरचा माल, या काळात बाग सोडता येत नाही. पुढे एप्रिलमध्ये खरड छाटणी असते. त्याच्यासाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, नाहीतर खरड छाटणीनंतरचा मे महिना. उसाची तोड सुरू असतानाही निघणं अवघड. नोकरदारांनी गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्यांवर डोळा ठेवताना एवढं लक्षात घ्यावं की त्या आठवड्यांत विमानभाडंही वाढलेलं असतं.

मग सामन्याचा प्रकार ठरवा. तारखेच्या खात्रीच्या दृष्टीने तीन प्रकार पडतात.

युरोपातल्या देशांतर्गत लीगचा सामना: इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण त्यातली तारीख कच्ची समजायची. टीव्हीसाठी निवडलेले सामने नंतर हलवले जातात आणि ते साधारण पाच-सहा आठवडे आधी कळतं. शनिवारी दुपारी ३ चा दिसणारा सामना शुक्रवार रात्र ते सोमवार रात्र यांत कुठेही जाऊ शकतो. जर्मनी, इटली, स्पेनमध्येही नेमका दिवस आणि वेळ टप्प्याटप्प्याने जाहीर होते.

चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा) सामना: ऑगस्टअखेर सोडत निघते आणि थोड्याच दिवसांत तारखा लागतात. सामने मुख्यतः मंगळवारी-बुधवारी असतात आणि एकदा लागलेली तारीख सहसा हलत नाही. लांबून येणाऱ्यासाठी हा प्रकार सगळ्यात भरवशाचा. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीत ३६ संघ असतात आणि प्रत्येकाला आठ सामने मिळतात, चार घरच्या आणि चार परक्या मैदानावर. त्यामुळे निवडीला भरपूर वाव आहे. फक्त सप्टेंबरातला पहिला सामना धरू नका. सोडतीनंतर व्हिसाला वेळच उरत नाही. ऑक्टोबरचा उत्तरार्ध किंवा नोव्हेंबर धरा.

भारतीय संघाचा परदेशातला सामना: पासपोर्टवर पहिलाच शिक्का बसणार असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की इथूनच सुरुवात करा. सिंगापूरचं उदाहरण घ्या. मुंबईहून विमान साडेपाच तासांचं, नॅशनल स्टेडियमच्या दाराशी मेट्रोचं स्टेडियम नावाचंच स्टेशन, आणि आझाद हिंद सेनेच्या इतिहासाची ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी जिथे सेनेची पाहणी केली ते पाडांग मैदान, शेजारच्या एस्प्लनेड पार्कमधली सेनेच्या स्मारकाची खूण, आणि २१ ऑक्टोबर १९४३ ला हंगामी सरकारची घोषणा झाली त्या कॅथे चित्रपटगृहाची जागा, हे सगळं एका दिवसात होतं. लिटल इंडियातलं इंडियन हेरिटेज सेंटर सोमवारी बंद असतं. व्हिसा अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन मिळतो. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचं ऑनलाइन कार्ड भरायचं असतं. पुष्कळ लोक ते विसरतात.

सावधान: सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये देशांच्या संघांसाठी क्लब फुटबॉल थांबतं. जर्मनीत नाताळापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत हिवाळी सुट्टी असते. निवडलेल्या आठवड्यात मुळात लीग चालू आहे का, हे आधी पाहा.

टप्पा २: सामन्याचं तिकीट

पाहुण्या संघाच्या चाहत्यांच्या भागात बसायचं, ही सगळ्यांची इच्छा. तीच सगळ्यात अवघड आहे. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना जास्तीत जास्त ३,००० जागा मिळतात, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. चॅम्पियन्स लीगमध्ये ५ टक्के. ही तिकिटं पाहुणा क्लब स्वतःच्या सभासदांना विकतो आणि आधी किती सामन्यांना हजेरी लावली त्यावर क्रम लावतो. २०१६-१७ पासून प्रीमियर लीगने पाहुण्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा घातल्याने मागणी आणखी आहे. सांगलीत बसून पहिल्याच वर्षी हे तिकीट मिळेल असं धरून चालू नका.

मग मार्ग उरतात ते असे:

1. यजमान क्लबचं परदेशी सभासदत्व घेणे. ते हंगामाच्या सुरुवातीलाच घ्या. बऱ्याच मोठ्या क्लबांत तिकिटं सभासदांच्या सोडतीतून जातात आणि सोडतीची मुदत सामन्याच्या कितीतरी आधी संपते.
2. क्लबची स्वतःची फेरविक्री. हंगामी तिकीटधारक येणार नसला की त्याची जागा क्लबच्याच संकेतस्थळावर परत येते. सामन्याआधीच्या दोन आठवड्यांत रोज पाहत राहा.
3. जेवणासकट महागडं पॅकेज. खर्च मोठा, पण जागा नक्की. चौघांना शेजारी बसायचं असेल तर बहुधा हाच मार्ग उरतो.
4. खालच्या श्रेणीचा किंवा महिलांचा सामना. लंडनमध्ये चार्ल्टन, मिलवॉल, लेटन ओरिएंट यांची तिकिटं बहुधा खुल्या विक्रीत मिळतात. म्युनिकमध्ये बायर्नचं नाही जमलं तर ग्रुनवाल्डर स्टेडियममध्ये ‘१८६० म्युनिक’ या क्लबचा सामना पाहा. १५,००० प्रेक्षकांचं जुनं मैदान आहे आणि वातावरण अस्सल असतं.

सावधान: इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट अनधिकृतपणे विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर, मैदानाबाहेर किंवा अनोळखी संकेतस्थळावर घेतलेलं तिकीट दारातच बाद होऊ शकतं आणि पैसे परत मिळत नाहीत.

यजमानांच्या भागात बसणार असाल तर पाहुण्या संघाचा शर्ट, मफलर घालायचा नाही, त्यांच्या गोलला उठून ओरडायचं नाही. इंग्लिश क्लब अशा प्रेक्षकाला बाहेर काढतात आणि तसं तिकिटाच्या अटींतच लिहिलेलं असतं.

नावाचा घोळ आपल्याकडे खास होतो. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या ओळीत बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकिटाच्या फॉर्ममध्ये ती ओळ जशीच्या तशी भरा. इटलीत तिकीट नावावर असतं आणि दारात मूळ ओळखपत्र तपासतात. पासपोर्ट हॉटेलात ठेवून गेलेला माणूस बाहेरच राहतो.

तपासणी: तिकीट कागदी आहे की फक्त फोनवर? फोनवरचं असेल तर ते बहुधा सामन्याच्या काही दिवस आधीच उघडतं आणि लॉगिनसाठी भारतीय नंबरवर ओटीपी येतो. तो नंबर रोमिंगवर चालू ठेवा.

टप्पा ३: पासपोर्ट आणि व्हिसा

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतात. शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येतं ते युरोपातले देश) पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं शिल्लक असलेला हवा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शुल्क ९० युरो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. ब्रिटनचा पर्यटक व्हिसा तीन महिने आधीपासून मागता येतो आणि निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो.

खरी अडचण कागदांत येते, विशेषतः शेतकरी आणि व्यापारी अर्जदारांची.

सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं, बेदाणा किंवा हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या हा उत्पन्नाचा भक्कम पुरावा आहे. पण तो मराठीत असतो. प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याची नोंद हवी. पतसंस्थेतली ठेव जोडपुरावा म्हणून लावा, पण मुख्य स्टेटमेंट बँकेचं असू द्या, सहा महिन्यांचं, शिक्क्यासह. आयकर विवरणपत्र भरत असाल तर मागच्या तीन वर्षांची लावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेव्हण्याकडून, चुलत्याकडून चार लाख खात्यात घालून घेणं. स्टेटमेंट पाहणाऱ्याला ते पहिल्या नजरेत दिसतं. पैसे कुठून आले हे सांगता आलं नाही की नकार येतो. ऊसबिलाची मोठी रक्कम एकदम जमा झाली असेल तर मात्र घाबरू नका. कारखान्याचं बिल जोडा आणि सोबतच्या पत्रात त्या नोंदीची तारीख लिहा.

सोबतच्या पत्रात रोजचा बेत द्या, सामना आणि पाहायची ठिकाणं दोन्ही. रजेचं पत्र, विमा, हॉटेल आणि बेत यांतल्या तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हातात आल्यावर काढा.

सावधान: ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. लंडन आणि म्युनिक एकाच सहलीत हवं असेल तर दोन वेगळे व्हिसा लागतात, आणि एकाची प्रक्रिया चालू असताना पासपोर्ट बहुधा तिकडेच अडकलेला असतो. पहिल्या सहलीत एकच व्हिसाक्षेत्र घ्या.

टप्पा ४: लीगच्या सामन्याभोवती दिवस बसवणे (उदाहरण: लंडन)

सामना शुक्रवार ते सोमवार कुठेही जाऊ शकतो, हे धरून मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी पोहोचा आणि पुढच्या बुधवारी परत निघा. मग दोन याद्या करा. एका यादीत वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं ती ठिकाणं. ती सगळी गुरुवार संध्याकाळच्या आत उरकायची. दुसऱ्या यादीत आरक्षणाशिवाय जाता येईल अशी ठिकाणं. ती शुक्रवार ते सोमवार. लंडन या पद्धतीला फार सोयीचं आहे, कारण मोठी राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत. सामना हलला तर फक्त दिवसांची अदलाबदल होते.

नकाशावर मैदानाच्या मार्गावरचीच ठिकाणं एकत्र बांधा. स्टॅम्फर्ड ब्रिजवर (चेल्सीच्या मैदानावर) सामना असेल तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय त्याच दिशेला आहे. साउथ केन्सिंग्टनहून डिस्ट्रिक्ट लाइनने अर्ल्स कोर्टला गाडी बदलून फुलहॅम ब्रॉडवे. आर्सेनलचा सामना असेल तर पिकॅडिली लाइनवरच्या आर्सेनल स्टेशनवर लवकर उतरा आणि आधी जुन्या हायबरी मैदानाची बाजू पाहा. पूर्वेकडच्या प्रेक्षागृहाचा दर्शनी भाग जपलेला आहे, आत आता घरं आहेत.

आपल्या भागाचा इतिहास शोधत फिरणाऱ्यांसाठी लंडनमध्ये तीन ठिकाणं नेमकी आहेत.

पहिलं लेडनहॉल स्ट्रीट. ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय इथे होतं. ते १८६१ मध्ये पाडलं गेलं, आता त्या जागी लॉइड्सची पोलाद-काचेची इमारत आहे. १८३९ मध्ये पदच्युत केलेल्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याहून लंडनला गेले आणि अनेक वर्षं कंपनीच्या संचालकांशी झगडले, ते याच दाराशी. इमारत आतून सहज पाहता येत नाही, पण शेजारचा लेडनहॉल बाजार खुला आहे. शनिवार-रविवारी या भागात शुकशुकाट असतो, म्हणून कामाच्या दिवशी जा. बँक किंवा मॉन्युमेंट स्टेशनहून चालत जाता येतं.

दुसरं १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतलं. ज्यांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस साताऱ्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, त्यांनी अभ्यास केलेलं हे घर पाहताना घाई करू नका. जवळचं स्टेशन चॉक फार्म. वस्ती राहती आहे. गटाने जाणार असाल तर आवाज आवरा, आणि उघडण्याच्या वेळा आधी विचारून घ्या.

तिसरं ब्रिटिश लायब्ररी. कंपनी आणि इंडिया ऑफिसचं दप्तर इथे आहे. मूळ कागद हाताळायचे असतील तर वाचकपत्र काढावं लागतं. त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि कोणता कागद हवा ते आधी मागवावं लागतं. नुसतं बघायला म्हणून वाचनकक्षात जाता येत नाही. ज्याला खरोखर काही शोधायचं आहे त्यानेच यासाठी अख्खा दिवस काढावा. बाकीच्यांनी प्रदर्शनाचं दालन पाहून पुढे निघावं.

एक चूक मराठी पर्यटक हमखास करतात: वाघनखं पाहायला म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला जाणं. साताऱ्याचा रेसिडेंट (कंपनीचा दरबारातला प्रतिनिधी) असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या वंशजांकडून तिथे गेलेली ती वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने भारतात आली आणि पहिल्यांदा साताऱ्याच्याच संग्रहालयात मांडली गेली. कोणतीही एक वस्तू पाहण्यासाठी जाणार असाल तर ती सध्या मांडलेली आहे का, ते दालन दुरुस्तीसाठी बंद तर नाही ना, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या वस्तूच्या नावाने शोधा.

तपासणी: डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संग्रहालयं पाच-साडेपाचला बंद होतात. बाहेरची भटकंती सकाळी, संग्रहालय दुपारी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं, त्याचा फायदा घ्या.

टप्पा ५: मधल्या आठवड्याचा सामना (उदाहरण: म्युनिक)

इथे अडचण उलटी आहे. सामना पक्का, पण युरोपातली पुष्कळ संग्रहालयं सोमवारी बंद. मंगळवारच्या सामन्यासाठी रविवारी पोहोचणारा माणूस सोमवारी बंद दारं पाहत फिरतो. शहरागणिक सुट्टीही वेगळी आहे. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय मंगळवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं बहुतेक रविवारी. ही सुट्टी सामन्याच्या तारखेशेजारी लिहून ठेवा.

म्युनिकमध्ये सोमवारसाठी दाखाऊ स्मारक ठेवा. ते रोज ९ ते ५ उघडं असतं आणि प्रवेश फुकट आहे. एस-२ गाडीने दाखाऊ स्टेशन, तिथून ७२६ क्रमांकाची बस. किमान चार तास लागतात. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या छळछावणीचा फुटबॉलशीही संबंध आहे. बायर्न म्युनिकचे ज्यू अध्यक्ष कुर्ट लांडाउअर यांनी १९३३ मध्ये पद सोडलं, १९३८ मध्ये त्यांना इथे डांबलं, पुढे ते स्वित्झर्लंडला गेले आणि १९४७ मध्ये परत येऊन पुन्हा क्लबचे अध्यक्ष झाले. हे माहीत असेल तर दुसऱ्या दिवशी मैदानात बसल्यावर समोरचा क्लब वेगळा दिसतो.

सावधान: दाखाऊ सामन्याच्या दिवशी ठेवू नका. क्लबचा शर्ट, मफलर घालून जाऊ नका, घोषणा नकोत, हसरे सेल्फी नकोत. लहान मुलांना नेऊ नका.

मंगळवारी सकाळी ऑलिम्पिक पार्क: १९७२ चं मैदान आणि त्या वर्षी मारल्या गेलेल्या इस्रायली खेळाडू-प्रशिक्षकांचं स्मारक. इंग्लिश फुटबॉलच्या चाहत्यांनी ट्रुडरिंग भागातला मँचेस्टरप्लाट्झ चुकवू नये. ६ फेब्रुवारी १९५८ ला मँचेस्टर युनायटेडचं विमान इथल्या जुन्या रीम विमानतळावरून उडताना कोसळलं, २३ जण गेले, त्यांत आठ खेळाडू. तिथे दगडी स्मारक आहे, लोक मफलर आणि फुलं ठेवतात.

मैदानातलं क्लबचं संग्रहालय आणि मैदानाची फेरी सामन्याच्या दिवसासाठी धरू नका. त्या दिवशी फेऱ्या बंद किंवा फारच मर्यादित असतात, आणि हे जवळजवळ सगळ्या मोठ्या मैदानांना लागू आहे. फेरी हवी असेल तर आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी.

टप्पा ६: विमान आणि मुंबई गाठणे

व्हिसा हातात आणि सामन्याची पक्की वेळ जाहीर, या दोन्ही गोष्टी झाल्यावरच तिकीट. सामन्यानंतर किमान एक अख्खा दिवस मोकळा ठेवा.

रात्री अडीचच्या विमानाची तारीख नीट वाचा. १४ तारखेला पहाटे २.३० म्हणजे घरातून १३ तारखेला निघायचं. १४ च्या संध्याकाळी विमानतळावर पोहोचणारे लोक दर हंगामात असतात. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे, तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे ते गाडीवाल्याला सांगण्याआधी पाहा.

मुंबई विमानतळ साताऱ्याहून साधारण २५० किलोमीटर, सांगलीहून ३८० च्या आसपास. विमानाआधी तीन तास पोहोचायचं, तर साताऱ्याहून नऊ-दहा तास आणि सांगलीहून बारा तास आधी निघा. खंबाटकी आणि बोरघाट, दोन्हीकडे एक अपघात झाला की तीन तास जातात. रविवारी संध्याकाळी पुण्याकडची गर्दी वेगळी. दुपारचं विमान असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेस घाटाची काळजी मिटवते. ती सकाळी मुंबईत सोडते, पण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून विमानतळाला आणखी दीड तास धरा.

सामानाबद्दल एकच, पण महत्त्वाचं: नातेवाइकांसाठी कंदी पेढे नेऊ नका. आपल्याकडून युरोपियन युनियन किंवा ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. भडंग न्या.

तपासणी: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू केल्या का? लंडनच्या मेट्रोत प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं, आणि चढताना-उतरताना तेच कार्ड लावायचं असतं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत.

टप्पा ७: सामन्याचा दिवस

1. सकाळी मैदानाच्या दिशेचं एकच ठिकाण, तेही दुपारी एकपर्यंत. रात्रीचा सामना असला तरी दुसरं ठिकाण घुसवू नका.
2. हॉटेलवर परत या, पिशवी ठेवा. बहुतेक मैदानांत ए-४ कागदाएवढ्या पिशवीपुढे काही चालत नाही आणि सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. संग्रहालयातून घेतलेली पुस्तकं, पाण्याची धातूची बाटली, मोठी लेन्स, सगळं खोलीवर.
3. पासपोर्ट, तिकीट, पूर्ण चार्ज केलेला फोन, छोटी पॉवर बँक. तिकिटाचं पान हॉटेलच्या वायफायवर असतानाच उघडून ठेवा. मैदानाजवळ गर्दीत नेट चालत नाही.
4. सामन्याच्या ९० मिनिटं आधी दारात. म्युनिकमध्ये मारिएनप्लाट्झहून यू-६ ने फ्रोटमानिंग, पुढे दहा-पंधरा मिनिटं चाल. जर्मनीत अनेक ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच शहरातला प्रवास फुकट असतो. तिकिटावर तसं छापलेलं असेल तरच धरा.
5. इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा जागी बसून मद्य पिता येत नाही. ग्लास घेऊन जागेवर जाऊ नका.
6. रात्री ९ चा सामना ११ च्या सुमारास संपतो, आणि स्टेशनवर रांग लागते. शेवटची गाडी किती वाजता, हे दुपारीच लिहून ठेवा. मुक्काम मैदानाच्या शेजारी घेण्यापेक्षा थेट गाडीच्या मार्गावर घेतलेला बरा.

ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास सरकतात. त्या शनिवार-रविवारी सामना असेल तर गजर फोनवरच लावा, हातातल्या घड्याळावर विसंबू नका.

टप्पा ८: सामन्यानंतरचा दिवस

हा दिवस मोकळा ठेवायला सांगितलं ते दोन कारणांनी. धुकं, संप किंवा बर्फामुळे सामना एक दिवस पुढे गेला तर तिकीट बहुधा नव्या तारखेला चालतं, पण माणूस तिथे असावा लागतो. आणि सामना वेळेवर झाला, तर मैदानाची फेरी आणि क्लबचं संग्रहालय याच दिवशी पाहायचं. फेरीचं तिकीट आधीच काढा, पण दुपारचं. रात्री झोपायला एक वाजलेला असतो.

शेंगेनमधून बाहेर पडताना थोडा जास्त वेळ धरा. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि रांगा लांबतात. मुंबईत पहाटे उतरत असाल तर स्वतः गाडी चालवत साताऱ्याला किंवा सांगलीला निघू नका. रात्रभर न झोपलेल्या माणसाने घाट उतरणं धोक्याचं आहे. चालक सोबत ठेवा, नाहीतर बसचं आरक्षण जाण्याआधीच करून ठेवा.